उंदराची साक्ष

साहित्याच्या पानांवर आतड्यातील एका परजीवीचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवेल हे गृहीत धरूनच आम्ही लिहीत आहोत. आमचे उत्तर असे, की हा इतिहास मुळात एका शब्दाचा आहे. 'जिवंत' हा तो शब्द. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणीपुरवठ्याच्या शास्त्राला या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागला. तो लावताना आधी उंदीर साक्षीला उभा करावा लागला, मग माणूस, आणि अखेर काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी. कोणता पुरावा ग्राह्य, कोणता साक्षीदार कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या प्रश्नापुढे तो मुका होतो, ही विचारणा संहितेच्या अभ्यासकाला परकी वाटू नये.

१९०७ साली हार्वर्डमध्ये अर्नेस्ट टायझर यांना पाळीव उंदरांच्या जठरातील ग्रंथींत एक अतिसूक्ष्म परजीवी आढळला. त्यांनी त्याला 'क्रिप्टोस्पोरिडियम' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारणपणे 'लपलेले बीज'. १९१२ मध्ये उंदराच्याच लहान आतड्यात त्यांना याच कुळातील आणखी लहान जात सापडली, तिला त्यांनी 'पार्व्हम' म्हणजे लहान म्हटले. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे वैद्यकाने या प्राण्याची फारशी विचारपूस केली नाही. माणसाला त्याचा उपद्रव होतो हे प्रथम १९७६ मध्ये नोंदले गेले, आणि १९८२ मध्ये एड्सच्या रुग्णांत न थांबणाऱ्या जुलाबांचे कारण म्हणून त्याचे नाव पुढे आले. अलीकडे २०१२ मध्ये उंदरांत नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या जातीला 'टायझेरी' असे वेगळे नाव मिळाले. वासरांत आणि माणसांत आढळणारा 'पार्व्हम' हा उंदराच्या घरचा नव्हेच, असे त्यामुळे म्हणावे लागते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ज्या प्राण्याला पुढे या खटल्यातील मुख्य साक्षीदार केले गेले, त्याचा आरोपीशी स्वाभाविक संबंध बेताचाच होता.

परजीवी पाण्यातून प्रवास करतो तो एका कवचात बंद होऊन. या अवस्थेला शास्त्रज्ञ 'ऊसिस्ट' म्हणतात. आम्ही पुढे नुसते 'कोष' म्हणू. कोषाचा व्यास चार ते सहा मायक्रोमीटर, आणि आत चार लांबट जीव. गिळला गेल्यावर आतड्यात कवच उकलते, ते चार जीव बाहेर पडून आतड्याच्या अस्तराच्या पेशींना चिकटतात आणि तेथे वंश वाढवतात. या कवचापुढे क्लोरीन जवळपास हतबल ठरतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिटरमागे ८० मिलिग्रॅम क्लोरीन दीड तास ठेवल्यावर कुठे नव्वद टक्के कोष निकामी झाले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो लिटरमागे मिलिग्रॅमभर, कधी त्याहूनही कमी. विसाव्या शतकात ज्या रसायनाच्या भरवशावर शहरे निर्धास्तपणे पाणी पीत होती, त्या रसायनाला हा अपवाद होता.

अपवादाची किंमत मोजावी लागली ती अमेरिकेतील मिलवॉकी या शहराला. १९९३ च्या मार्चअखेरीस मिशिगन सरोवराचे पाणी शुद्ध करणाऱ्या दोन केंद्रांपैकी दक्षिणेकडच्या, हॉवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला. केंद्रातील मोजमापे तेव्हाच्या नियमांत बसत होती. ७ एप्रिलच्या संध्याकाळी पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला आणि दोन दिवसांनी ते केंद्र बंद झाले. तोपर्यंत सुमारे चार लाख तीन हजार लोक आजारी पडले असावेत असा पुढे अंदाज करण्यात आला. मृत्यूच्या दाखल्यांची पाहणी करून १९९७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुढच्या दोन वर्षांतील ५४ मृत्यूंशी या रोगाचा संबंध जोडला गेला. त्यांतील बहुसंख्य एड्सचे रुग्ण होते. एक तपशील आमच्या मनातून जात नाही. नळातून वाहून गेलेले पाणी परत तपासता येत नव्हते. परंतु शहराच्या दक्षिण भागातील एका कारखान्यात त्याच दिवसांत बनवलेला बर्फ शिल्लक होता. तो वितळवून गाळला तेव्हा त्यात कोष मिळाले.

यानंतर अमेरिकेत आणि अन्यत्र पाण्यातील कोष मोजण्याचे मोठे सत्र सुरू झाले. शेकडो लिटर पाणी गाळायचे, गाळ्यातून कोष वेगळे काढायचे, त्यांना चमकणारी प्रतिपिंडे चिकटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट ठिपके मोजायचे. परंतु ठिपका हा केवळ ठिपका असतो. तो आजार देऊ शकेल की तो रिकामे टरफल आहे, हे मोजणी सांगत नाही. १९९८ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया या परजीवींचे मोठे आकडे हाती आले. सुमारे तीस लाख लोकांवर पुन्हा पुन्हा पाणी उकळून पिण्याची वेळ आली, पीटर मॅक्लेलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली, आणि आजाऱ्यांच्या संख्येत मात्र वाढ दिसली नाही. मिलवॉकीत आकडा उशिरा आला, सिडनीत आकडा आला पण रोग आला नाही. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न अनुत्तरित होता: हे कोष जिवंत आहेत काय?

या प्रश्नाचे स्वस्त उत्तर देणारी दोन साधने तेव्हा उपलब्ध होती. एक म्हणजे रंग. ग्लासगो येथील संशोधकांनी १९९२ मध्ये अशी पद्धत मांडली, की दोन रंगद्रव्ये वापरायची. त्यांतील एक शाबूत आवरणातून आत शिरू शकत नाही, तेव्हा ज्या कोषात ते शिरले तो मेलेला समजायचा. दुसरे साधन म्हणजे कोषाला आतड्यासारखी परिस्थिती द्यायची (ऊब, पित्तक्षार इत्यादी) आणि तो उकलतो की नाही हे पाहायचे. उकलला तर जिवंत. दोन्ही पद्धती तर्काला धरून आहेत. दोन्हींत जगण्याची एक खूण निवडली आहे आणि त्या खुणेलाच जगणे मानले आहे. साहित्यव्यवहारात आपणही याच वाटेने जातो, हे कबूल करायला हवे. कवितेची खूण छंद, असे म्हणून छंदोबद्ध मजकुराला कविता म्हणणारे थोडे नव्हते.

तिसरे साधन महाग, संथ आणि क्रूर होते. प्रौढ उंदराची प्रतिकारशक्ती या परजीवीला दाद देत नाही, म्हणून चार ते सहा दिवसांची पिल्ले घ्यावी लागत. आईजवळ पीत असलेल्या पिल्लाला उचलायचे, बारीक नळीने त्याच्या पोटात मोजके कोष सोडायचे, ते परत आईजवळ ठेवायचे, आणि सुमारे आठवड्याने मारून त्याचे आतडे तपासायचे. एका पिल्लाकडून मिळणारे उत्तर फक्त होय किंवा नाही. त्यामुळे आकड्याला वजन यावे म्हणून प्रत्येक मात्रेसाठी अनेक पिल्ले, आणि एका जंतुनाशकाच्या तपासणीसाठी अशा अनेक मात्रा. पिल्लांची संख्या सहज शेकड्यांत जाई. या कामाचे वर्णन शोधनिबंधांच्या 'साहित्य आणि पद्धती' या विभागात दोन-चार कोरड्या ओळींत येते. कर्मणी प्रयोगाने सारे उरकलेले असते: पिल्ले मारली गेली, आतडी काढली गेली. कोणी मारली, हे वाक्यरचनाच सांगू देत नाही.

तथापि, आणि येथेच हा इतिहास सोप्या निवाड्याला हुलकावणी देतो, खरे बोलला तो उंदीरच. १९९६ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी रसायनांचा मारा केलेले कोष तिन्ही पद्धतींनी पडताळले. रंग आणि उकलणे या दोन्ही कसोट्या ज्यांना जिवंत ठरवत होत्या, त्यांतील बरेच कोष पिल्लांना लागण करू शकत नव्हते. पण याहून मोठा धक्का अतिनील किरणांच्या बाबतीत बसला. १९९५ मध्ये रंगांच्या कसोटीवर आधारलेल्या एका प्रयोगात दर चौरस सेंटिमीटरला ८,७४८ मिलिज्यूल इतकी प्रचंड मात्रा दिल्यावर शंभरातील नव्याण्णव कोष मेल्याचे दिसले होते. एवढी वीज कोणत्या शहराला परवडणार? साहजिकच अतिनील किरण या परजीवीपुढे निरुपयोगी, असा समज रूढ झाला. १९९८ आणि १९९९ मध्ये जेनिफर क्लॅन्सी, झिया बुखारी आणि त्यांचे सहकारी यांनी किरणांखालून काढलेले कोष उंदरांच्या पिल्लांना दिले. किरणांची मात्रा काही दशकांच्या घरात होती, हजारांच्या नव्हे. आणि दहा हजारांतील जेमतेम एखादा कोष लागण करण्याजोगा उरला होता. अमेरिकी शासनाने २००६ मध्ये जी नियमावली जारी केली तिच्यात हजारातील ९९९ कोष निष्प्रभ करण्यासाठी १२ मिलिज्यूल एवढीच मात्रा धरली आहे. ८,७४८ आणि १२. पुढे २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराने डोंगराळ भागातून न गाळता येणाऱ्या आपल्या पाण्यासाठी अतिनील किरणांचा अवाढव्य प्रकल्प सुरू केला, त्याच्या पायाशी ही पिल्ले आहेत.

रंगांची चूक झाली होती काय? आमच्या मते नाही. रंगांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच दिले होते. किरण कवचाला धक्का लावत नाहीत; ते आतल्या जनुकद्रव्याला जखम करतात. असा कोष शाबूत दिसतो, रंगाला आत घेत नाही, योग्य वेळी उकलतोही. आतले जीव बाहेर येतात, हालचाल करतात. वंश मात्र वाढत नाही. त्याला मृत म्हणावे तर तो हलतो; जिवंत म्हणावे तर त्याच्यापासून कोणाला भय नाही. मराठीत आपण शुद्ध पाण्याला बेलाशक 'निर्जंतुक' म्हणतो, आणि वर्तमानपत्रे 'जंतू मेले' असे लिहून मोकळी होतात. येथे जंतू आहेत आणि मेलेलेही नाहीत, तरी पाणी निर्धोक आहे. शास्त्राला म्हणून 'जिवंत' हा शब्द बाजूला ठेवून 'संसर्गक्षम' हा अधिक नम्र शब्द घ्यावा लागला. नम्र अशासाठी, की संसर्गक्षमता ही एकट्या कोषाची मालमत्ता नाही. ती कोष आणि यजमान यांच्यामधली घटना आहे. वाचक आणि संहिता यांच्या नात्याविषयी आपल्या वर्गांत जे शिकवले जाते, त्याचा येथे प्रतिध्वनी ऐकू आला तर आम्ही दोष देणार नाही, फक्त तुलना फार ताणू नये एवढेच सुचवू.

यजमान हवाच, तर तो कोणता? माणसाच्या रोगाचा प्रश्न माणसालाच विचारावा, हा एक मार्ग होता आणि तो चोखाळलाही गेला. ह्यूस्टन येथे २९ निरोगी स्वयंसेवकांना ३० पासून दहा लाखांपर्यंत कोष गिळण्यास दिले गेले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार निम्म्या लोकांना लागण करण्यास सुमारे १३२ कोष पुरेसे होते. त्याच केंद्रातून १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या वाणांची तुलना आली, तेव्हा हाच आकडा एका वाणासाठी ९ आणि दुसऱ्यासाठी हजाराच्या वर निघाला. म्हणजे 'कोष' हे सामान्यनामही विश्वासार्ह नव्हते. हे लोक जाणीवपूर्वक, संमती देऊन आजाराला सामोरे गेले. पिल्लांना तो प्रश्न विचारला गेला नव्हता.

पेशींचा मार्ग तसा जुनाच. १९८४ मध्ये करंट आणि हेन्स यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर या परजीवीचे संपूर्ण जीवनचक्र घडवून दाखवले होते. पुढे १९९४ मध्ये कॅन्सस राज्य विद्यापीठात स्टीव्ह अप्टन आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या पेशींची तुलना केली, तीत एचसीटी-८ हा पेशीवंश सरस ठरला. हा वंश एका माणसाच्या आतड्यातील कर्करोगाच्या गाठीतून आलेला, सत्तरच्या दशकातला. १९९७ मध्ये फ्लोरिडात तेरेसा स्लिफको, जोन रोझ आणि सहकारी यांनी याच पेशींवर आधारित मोजणीची पद्धत मांडली. तीत एक गंमत आहे. पेशींवर ओतण्यापूर्वी कोष क्लोरीनयुक्त द्रावणात बुडवून काढतात; जे रसायन त्यांना नळात मारू शकत नाही, ते येथे त्यांचे कवच उकलण्यास मदत करते. दोन-तीन दिवसांनी चमकणारी प्रतिपिंडे टाकली की जेथे जेथे परजीवीने मूळ धरले तेथे तेथे उजळ पुंजके दिसतात. पिल्लू होय-नाही एवढेच सांगत होते. पेशींचा एक थर किती, हेही सांगतो.

नव्या साक्षीदाराची उलटतपासणी अर्थातच झाली, आणि ती जुन्या साक्षीदाराच्या समोर झाली. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जलमंडळातील पॉल रोशेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेशी आणि पिल्ले यांची समोरासमोर तुलना प्रसिद्ध केली. एचसीटी-८ पेशींचे उत्तर पिल्लांच्या उत्तराशी जुळते, म्हणून पिल्लांऐवजी त्या वापरता येतील, असा तिचा निष्कर्ष होता. पर्याय सिद्ध करण्यासाठीही पुन्हा पिल्लेच लागली, ही विसंगती टाळता येणारी नव्हती.

हा बदल करुणेने घडवला काय? रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांबद्दल तीन तत्त्वे सांगितली होती: प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, प्राणी कमी वापरा, वेदना कमी करा. पाण्याच्या शास्त्रातील निबंधांच्या प्रास्ताविकात नैतिक आक्षेपाचा उल्लेख येतो, पण बहुधा खर्च, वेळ आणि पिल्लापिल्लातील फरक यांच्या मागून, एखाद्या उपवाक्यात. आम्हाला त्याचे फार वाईट वाटत नाही. पिल्लाच्या बाजूने पाहिले तर ते हिशोबामुळे वाचले की दयेमुळे, याने त्याला फरक पडत नाही. मात्र इतिहास लिहिताना जे हिशोबाने झाले ते दयेच्या खात्यावर मांडू नये.

या कथेतील सर्वांत मोठा पेच मात्र आम्ही अजून सांगितलेला नाही. मिलवॉकीच्या साथीत प्रथम संशय गेला होता तो गोठ्यांवर. १९९७ मध्ये रुग्णांच्या जपून ठेवलेल्या मोजक्या नमुन्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली, आणि परजीवी गुरांतला नसून माणसा-माणसांतून फिरणाऱ्या प्रकाराचा निघाला. २००२ मध्ये या प्रकाराला 'होमिनिस' असे स्वतंत्र जातीचे नाव मिळाले. आणि होमिनिस उंदराच्या साध्या पिल्लांना लागतच नाही. ज्या साथीच्या भीतीपोटी वर्षानुवर्षे पिल्लांवर प्रयोग चालले, त्या साथीतला परजीवी पिल्लांसमोर ठेवला असता तर त्यांनी पाणी निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला असता. अतिनील किरणांची सारी आकडेमोड पार्व्हमवर बेतलेली होती. ती होमिनिसला लागू पडते की नाही, हे उंदीर सांगूच शकत नव्हता. २००५ मध्ये ते सांगितले पेशींनी: होमिनिसही तितक्याच अल्प मात्रेला नमतो. येथे पेशी कोणाच्या बदली आलेल्या नव्हत्या. ज्या प्रश्नापुढे उंदीर मुका होता, त्याचे उत्तर देणारा हा पहिलाच साक्षीदार होता, आणि तो माणसाच्याच आतड्यातून आलेला होता.

त्या प्रयोगासाठी होमिनिसचे कोष आले कोठून? त्याचा मूळ वाण युगांडातील एका लहान मुलाकडून मिळालेला. तो टिकवला जात होता तो जंतुविरहित वातावरणात जन्माला घातलेल्या डुकराच्या पिल्लांत. पार्व्हमचेही तसेच. आयोवा राज्यातील एका वासरापासून सुरू झालेला वाण जगभरच्या प्रयोगशाळांत प्रमाण मानला जातो, आणि त्याचा पुरवठा प्रामुख्याने नवजात वासरांना लागण करून, त्यांच्या शेणातून अब्जावधी कोष वेगळे करून होत आला. नेहमीच्या पेशींच्या थरावर परजीवी काही दिवस वाढतो आणि मग विझतो. नव्या कोषांचे पीक त्यातून निघत नाही. २०१६ पासून पोकळ तंतूंच्या नळ्यांत, २०१८ मध्ये मूळपेशींपासून घडवलेल्या इवल्या आतड्यांत आणि २०१९ मध्ये एका बाजूने हवा लागणाऱ्या पेशीथरांवर हे चक्र पुरे करण्यात यश आले आहे. परंतु एका वासराकडून जेवढे कोष मिळतात तेवढे या मार्गांनी मिळवणे सोपे नाही. काचेच्या बशीवर ओतल्या जाणाऱ्या थेंबातील कोष आजही बहुधा कोण्या वासराच्या पोटातून आलेले असतात, आणि निबंधातील 'साहित्य आणि पद्धती' या विभागात त्या वासराच्या वाट्याला येते ते कोष पुरवणाऱ्याच्या नावाशेजारचे अर्धे वाक्य.